दहा गुणांचा उद्योजक

कॉमर्स आणि मॅनेजमेंटच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न आहे: 'यशस्वी उद्योजकाच्या अंगी असणारे गुण स्पष्ट करा.' गुण दहा. विद्यार्थी धाडस, चिकाटी, दूरदृष्टी, नेतृत्व, जोखीम घेण्याची तयारी असे मथळे घालतो, प्रत्येकाखाली तीन ओळी लिहितो आणि दहापैकी सात घेऊन बाहेर पडतो. प्रश्नात चूक नाही, उत्तरातही नाही. पण जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हे ज्याने एकदा थापून पाहिलंय त्याच्या हाताला कळलेलं असतं. 'उत्तम भाकरी करणाऱ्याचे गुण' पाठ करणाऱ्याला ते कळायला वाव नाही.

मग उद्योजकता शिकवायची तरी कशी? काही विद्यापीठांनी हाताने करून शिकण्यावर बेतलेले कोर्स गेली वीस-पंचवीस वर्षं चालवले आहेत. वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र बसवायची, त्यांना खरा प्रश्न द्यायचा, वर्गाबाहेर पाठवायचं, हाताने काहीतरी करायला लावायचं आणि ते खऱ्या माणसापुढे ठेवायला लावायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण असा वर्ग आतून कसा चालतो, त्यातला कोणता भाग कशासाठी आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. म्हणून एक कोर्स घेऊ आणि त्याचे भाग एकेक करून सुटे करून पाहू.

एका ओळीचं आव्हान

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 'डिझाइन फॉर एक्स्ट्रीम अफोर्डेबिलिटी' नावाचा कोर्स आहे. विद्यार्थी त्याला नुसतं 'एक्स्ट्रीम' म्हणतात. तिथल्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जेम्स पॅटेल यांनी इंजिनिअरिंगच्या सहकाऱ्यांबरोबर तो सुरू केला. हिवाळी आणि वसंत अशी सलग दोन सत्रं तो चालतो. अत्यंत कमी उत्पन्नाच्या माणसाला परवडेल अशी वस्तू किंवा सेवा तयार करणं आणि ती त्याच्यापर्यंत पोचेल कशी याची वाट शोधणं, ही दोन्ही कामं त्यात करावी लागतात.

२००७ च्या तुकडीतल्या चार विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेलं आव्हान एका ओळीचं होतं: नवजात बाळांसाठी असा इनक्युबेटर तयार करा, ज्याचा खर्च नेहमीच्या इनक्युबेटरच्या एक टक्क्याहून कमी असेल. आपल्याकडे 'बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय' म्हणतात, तीच ही पेटी. तिची किंमत तेव्हा वीस हजार डॉलरच्या घरात होती. म्हणजे दोनशे डॉलरच्या आत काम उरकायचं होतं.

या ओळीत काय आहे आणि काय नाही, ते पाहण्यासारखं आहे. तिच्यात आकडा आहे, त्यामुळे पळवाट नाही. ज्याच्यासाठी काम करायचं तो जीव आहे. पण काम कसं करायचं, याबद्दल अवाक्षर नाही. आता आपल्याकडच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची नावं आठवा: 'आयओटी वापरून सौरऊर्जेवर चालणारी स्मार्ट ठिबक यंत्रणा'. यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. उरतं ते पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणणं आणि जोडणं. हातांना काम मिळतं, पण विचार करायला काही उरत नाही. कोर्सचा पहिला भाग म्हणूनच शिक्षकाच्या हातात असतो: आव्हान असं लिहायचं की त्यात उत्तर लपलेलं नसावं.

चौघं आणि चार पहिले प्रश्न

टीममध्ये जेन चेन एमबीए करत होती. लायनस लियांग कम्प्युटर सायन्सचा, राहुल पणिक्कर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा, आणि नागानंद मूर्तीही इंजिनिअरिंगकडचाच. चौघांत डॉक्टर एकही नव्हता.

शाखा मिसळायच्या कशासाठी? ज्ञानाची बेरीज व्हावी म्हणून, हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे. ज्ञान हल्ली विचारून, वाचून मिळतं. खरा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक शाखा आपल्या माणसाला एक पहिला प्रश्न विचारायची सवय लावते. इंजिनिअर विचारतो, हे चालेल का? डॉक्टर विचारतो, यानं इजा तर होणार नाही? मॅनेजमेंटवाला विचारतो, पैसे कोण देणार? डिझायनर विचारतो, हे वापरणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी आणखी काय असेल? एका शाखेचे चौघं बसले तर एकच प्रश्न चार वेळा विचारला जातो आणि सगळे एकमेकांच्या उत्तरावर खूश होतात. वेगळ्या शाखांचे बसले की पहिल्या दिवसापासून खटके उडतात. कोर्सला ते खटकेच हवे असतात. धंद्यात हे चारही प्रश्न कधी ना कधी उभे राहतातच. पैसे अडकल्यावर ते उभे राहण्यापेक्षा वर्गात राहिलेले बरे.

टीमचा आकडाही असाच विचारपूर्वक ठरतो. चार-पाच जणांत कोणी हात झटकून बसला तर लगेच दिसतं. दहा जणांच्या टीममध्ये तिघं काम करतात आणि सातजणांची नावं पहिल्या पानावर छापली जातात, हे सबमिशनच्या आठवड्यात कोणत्याही कॉलेजात पाहायला मिळतं.

काठमांडूतल्या रिकाम्या पेट्या

'एक्स्ट्रीम'मधला तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाणं. लियांग नेपाळला गेला. काठमांडूच्या हॉस्पिटलमध्ये त्याला जे दिसलं त्यानं सगळ्या टीमचा हिशेब चुकला. दान म्हणून आलेल्या चांगल्या काचेच्या पेट्या तिथे होत्या, पण त्यातल्या कितीतरी रिकाम्या पडल्या होत्या. कारण विचारल्यावर डॉक्टरांकडून कळलं की ज्या बाळांना पेटीची गरज आहे ती शहरात नव्हे, दूरच्या खेड्यांत जन्मतात. तिथून इथवर ती पोचतच नाहीत.

कमी वजनाचं बाळ थंडीपुढे इतकं लाचार का असतं, हे इथे समजून घ्यायला हवं. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते. अंगावर चरबी फारशी नसते. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणंही त्याला जमत नाही. खोलीत आपल्याला गार वाटत नसलं तरी त्या बाळाचं शरीर सगळी ताकद गरम राहण्यात खर्च करत असतं, आणि वाढीसाठी काही शिल्लक राहत नाही.

आता टीमसमोर पेच उभा राहिला. दिलेल्या आव्हानाप्रमाणे दोनशे डॉलरची पेटी केली असती तर ती काठमांडूच्या हॉस्पिटलात, रिकाम्या पेट्यांच्या रांगेत आणखी एक रिकामी पेटी म्हणून उभी राहिली असती. कोर्सच्या कागदाप्रमाणे काम पूर्ण, बाळाच्या दृष्टीने शून्य. टीममध्ये वाद झाला. शेवटी त्यांनी प्रश्नच नव्याने लिहिला: दूरच्या गावातल्या आईबापांना आपलं बाळ जगवता येईल, असं ऊब देणारं साधन कसं करता येईल?

'इनक्युबेटर' हा शब्द प्रश्नातून गेला, आणि त्याबरोबर काच गेली, चाकं गेली, अखंड वीज गेली, प्रशिक्षित नर्स गेली. किमतीचा प्रश्नही अर्धा सुटला, कारण स्वस्त करायची वस्तूच बदलली होती. या सगळ्या कोर्समधून विद्यार्थ्याने कोणती एकच गोष्ट घरी न्यावी असं मला विचारलं, तर प्रश्न नव्याने लिहिणं, ही म्हणेन. धंदे बुडतात ते बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाचं उत्तम उत्तर तयार केल्यामुळे. प्रश्न चुकलाय, हे लवकर आणि स्वस्तात कळावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. नेपाळचं विमानभाडं महाग वाटेल, पण चुकीच्या पेटीचा कारखाना त्याहून कितीतरी महाग पडला असता.

मेणाची पिशवी

मग हाताने काम सुरू झालं. टीमने शोधलेली युक्ती दिसायला अगदी साधी होती: बाळाला गुंडाळायची एक छोटी झोपण्याची पिशवी आणि तिच्या पाठीमागच्या कप्प्यात मेणासारख्या पदार्थाची थैली. थैली साधारण अर्धा तास तापवायची, कप्प्यात सरकवायची, आणि ती चार तासांपर्यंत ३७ अंशांच्या आसपास ऊब देत राहते.

हे कसं होतं? बर्फ घातलेल्या पाण्यात थर्मामीटर ठेवला तर शेवटचा खडा वितळेपर्यंत पारा शून्यावरच राहतो. बाहेरून आलेली उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, बर्फ वितळवण्यात जाते. उलट्या दिशेनेही तसंच घडतं. वितळलेलं मेण गोठू लागतं तेव्हा साठवलेली उष्णता सोडत राहतं, आणि पुरतं गोठेपर्यंत त्याचं तापमान जवळजवळ एका जागी टिकतं. गोठण्याचा बिंदू शरीराच्या तापमानाजवळ असलेला पदार्थ निवडला की तापमान सांभाळायला वेगळं यंत्र लागत नाही. पदार्थच ते काम करतो.

आकड्यात पाहू. एक किलो पॅराफिन मेण गोठताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता सोडतं. ती चार तासांवर पसरली तर सरासरी १४ वॅटच्या आसपास येते. जुन्या घरांत रात्री लावत तो 'झिरोचा बल्ब' जेमतेम तेवढीच वीज खायचा. इतक्याशा उबेवर, नीट गुंडाळलेल्या दीड-दोन किलोच्या जिवाचं भागू शकतं. असा हिशेब बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमतो. फरक एवढाच की पुस्तकात सुप्त उष्मा हा दोन गुणांच्या व्याख्येपुरता असतो, आणि इथे त्यावर कोणाचं तरी बाळ अवलंबून असतं.

आईनं बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं हा उपाय याहूनही साधा आहे. 'कांगारू मदर केअर' म्हणून डॉक्टर तो आवर्जून सांगतात. पण आई आजारी असेल, बाळाला दुसरीकडे हलवायचं असेल, घरात दुसरं कोणी नसेल, तेव्हा या पिशवीचा आधार. जुन्या उपायाला हटवायचं नाही, तो जिथे कमी पडतो तिथे भर घालायची, हेही टीमला आधीचे उपाय पाहिल्यामुळेच कळलं असणार.

पहिले नमुने कच्चे असतात आणि ते तसेच असावेत, असा अशा वर्गांचा दंडक आहे. पुठ्ठा, चिकटपट्टी, शिवणयंत्र, जुनं कापड. कारण चकचकीत नमुना दाखवला की समोरचा माणूस कौतुक करतो, आणि कच्चा दाखवला की दुरुस्ती सुचवतो. शिवाय ज्या नमुन्यावर तीन महिने घालवले तो टाकून देववत नाही. दोन तासांत केलेला टाकायला काही वाटत नाही.

अर्धा चमचा औषध

पुढचा प्रसंग महाराष्ट्रातला आहे. पणिक्कर सुधारलेला नमुना घेऊन इथल्या एका खेड्यात आयांना दाखवत होता. त्यावर तापमान अंशांत दाखवणारी पट्टी होती. ३७ च्या आसपास ठेवायचं, इतकं सोपं. तेव्हा एका आईनं आपली पद्धत सांगितली. डॉक्टरांची औषधं फार कडक असतात असं गावात मानतात. म्हणून डॉक्टरांनी बाळाला एक चमचा सांगितलं तर ती बेतानं अर्धाच देते. तुमचं हे यंत्र ३७ वर ठेवायला सांगितलं, तर ती आपली ३० वरच ठेवेल.

इंजिनिअरच्या दृष्टीने यंत्र बरोबर होतं. बाईच्या दृष्टीने तिचं वागणंही बरोबर होतं, बाळाच्या काळजीपोटीच होतं. दोन बरोबर गोष्टी एकत्र येऊन बाळ गार पडलं असतं. टीमने आकडे काढून टाकले. त्याजागी फक्त ठीक आहे की नाही एवढंच सांगणारी खूण ठेवली. जिथे आकडाच नाही तिथे तो निम्मा करण्याचा प्रश्न उरत नाही.

हे ज्ञान स्टॅनफर्डच्या कोणत्याही ग्रंथालयात नव्हतं. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'आपण डॉक्टरांच्या सूचनांचं पालन करता का?' असं विचारलं असतं, तर त्या बाईने 'हो' वरच खूण केली असती. ते बाहेर आलं, कारण वस्तू तिच्या हातात होती आणि समोर बसलेला माणूस ऐकत होता.

पैसे कोण देणार?

वस्तू चालते म्हणजे धंदा चालतो असं नाही. या भागासाठी स्टॅनफर्डमध्येच दुसरी पद्धत घडली. स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ च्या जानेवारीत 'लीन लाँचपॅड' हा वर्ग घेतला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: इमारतीच्या बाहेर पडा. टीमने धंद्याबद्दलची आपली गृहीतकं नऊ रकान्यांच्या एका तक्त्यावर मांडायची: ग्राहक कोण, त्याला काय मिळणार, ते पोचणार कसं, पैसे येणार कुठून, खर्च कशावर होणार, वगैरे. मग दर आठवड्याला दहा-पंधरा माणसांना भेटायचं आणि तक्त्यावरची जी गोष्ट खोटी ठरेल ती खोडायची. दहा आठवड्यांत सुमारे शंभर भेटी होतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ही पद्धत उचलली आणि प्रयोगशाळेतल्या संशोधकांसाठी 'आय-कोअर' हा कार्यक्रम सुरू केला.

शंभर भेटींचं खरं कसब विचारण्यात आहे. 'आम्ही असं यंत्र केलं तर घ्याल का?' हा प्रश्न तर आपल्याकडे अजिबात विचारू नये. दारात आलेल्या पोराला कोण नाही म्हणेल? चहा पाजतील, पाठीवर थाप मारतील, 'छान आहे, करा' म्हणतील. ते सौजन्य असतं, मागणी नव्हे. विचारायचं ते झालेल्या गोष्टीबद्दल: गेल्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत? कोणाला फोन केला? किती पैसे गेले? ज्या अडचणीवर माणसाने आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही, तिच्यावर तो उद्या तुमच्यासाठी करेल हे कठीण.

मॅसेच्युसेट्समधलं बॅब्सन कॉलेज याच्याही पुढे जातं. तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या टीमला कॉलेज काही हजार डॉलर कर्ज देतं. त्यातून वर्षभरात खरा धंदा उभारायचा, माल विकायचा, हिशेब ठेवायचा, शेवटी दुकान बंद करून कर्ज फेडायचं, आणि उरलेला नफा समाजकार्याला द्यायचा. इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे रक्कम अनुदान म्हणून दिलेली नाही, कर्जाऊ दिलेली आहे. अनुदानाचा हिशेब वरच्याला द्यायचा असतो, म्हणून तो कागदावर जुळवला जातो. कर्जाचा हिशेब गल्ल्यातच जुळावा लागतो. आणि नफा आपल्या खिशात जाणार नसल्यामुळे मुलं पैशावरून भांडत न बसता कामावरून भांडतात.

मार्क कशाला द्यायचे?

इथे आपल्याकडचा प्राध्यापक हमखास अडतो, आणि ते स्वाभाविक आहे. यंत्र चाललं नाही, विक्री झाली नाही, तर नापास करायचं का? आणि यशालाच मार्क ठेवले तर मुलं पहिल्याच दिवशी सोपा, खात्रीचा, कोणीतरी आधी केलेला विषय उचलतील. म्हणजे धाडस शिकवणारा वर्ग धाडसालाच शिक्षा करील.

यावरचा तोडगा असा की मार्क निकालाला कमी आणि वाटचालीला जास्त द्यायचे. किती जणांना भेटलात आणि त्यांच्या बोलण्याची नोंद कशी केलीत? किती नमुने केले? कोणते टाकले आणि का? कोणतं गृहीतक कोणत्या भेटीनंतर खोडलं? आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल असतं, तसंच हेही जर्नल. फरक असा की यात मागच्या बॅचचं उतरवून काढता येत नाही, कारण मागच्या बॅचला ती माणसं भेटलेलीच नसतात. टीममधल्या प्रत्येकाने इतरांच्या कामाला गुपचूप गुण द्यायचे, ही सोयही अनेक ठिकाणी असते. फुकटचा भिडू कोण, हे शिक्षकापेक्षा टीमला जास्त ठाऊक असतं.

कोर्स संपतो तेव्हा

पिशवीवाल्या टीमने वर्ग संपल्यावर काम सोडलं नाही. 'एम्ब्रेस' नावाची संस्था काढली आणि बिऱ्हाड बेंगळुरूला हलवलं. तरीही पहिलं उत्पादन भारतात बाजारात यायला २०११ उजाडलं. वर्गातल्या नमुन्यापासून विक्रीपर्यंत चार वर्षं गेली. बाळासाठीचं साधन म्हटल्यावर सुरक्षिततेच्या चाचण्या, कारखान्यातलं उत्पादन, दवाखान्यांची खरेदी, वितरणाची साखळी हे सगळं पार करावं लागतं. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये कंपनी तयार होते, असं जे कोणी सांगतं, त्याने ही चार वर्षं मोजायला हवीत.

याच वर्गातून निघालेल्या 'डी-लाइट'ने रॉकेलच्या चिमणीऐवजी सौरकंदील विकले. 'ड्रिपटेक'ची सुरुवात इथिओपियातल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी स्वस्त ठिबकच्या नळीने झाली, आणि पुढे ही कंपनी जळगावच्या जैन इरिगेशनकडे आली. पण ही गाजलेली नावं आहेत. बहुतेक टीमा जूनमध्ये नमुना कपाटात ठेवतात आणि नोकरीला लागतात. तो कोर्सचा पराभव नव्हे. शंभर माणसांना भेटून आपलं म्हणणं खोडायची सवय नोकरीतही उपयोगी पडते, शेतीतही आणि दुकानातही.

समजा, नाशिक जिल्ह्यात

आपल्याकडे यातलं काहीच नाही असं नाही. हाताने शिकण्याचा विचार तर घरचाच आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळा सुटलेली मुलं गावकऱ्यांची खरी कामं करत वेल्डिंगपासून शेतीपर्यंत शिकली. आयआयटी मुंबईत 'साइन' हे उद्योगांना बळ देणारं केंद्र २००४ पासून आहे. ड्रोन बनवणारी 'आयडियाफोर्ज' तिथल्याच विद्यार्थ्यांनी काढलेली. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांसाठी अभ्यासक्रमात जागा दिली, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती कमी केल्या. पण तालुक्याच्या कॉलेजला नेपाळची सफर परवडणार नाही, आयआयटीची कार्यशाळाही नाही. तिथे असा वर्ग कसा दिसेल? एक कल्पित सत्र मांडून पाहू.

समजा, लासलगावच्या आसपास एक कृषी महाविद्यालय, एक इंजिनिअरिंगचं आणि एक कला-वाणिज्यचं, अशी तीन कॉलेजं आहेत. आव्हान एका ओळीचं: चाळीत साठवलेल्या कांद्यातलं शेतकऱ्याचं नुकसान कमी करा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत जातो, पावसाळाभर भावाची वाट पाहतो. कॉलेजचं सत्रही त्याच दिवसांत चालतं. म्हणजे प्रयोगशाळा आयती, आणि वेळापत्रक निसर्गानेच जुळवलेलं.

पहिला आठवडा: टीम बसते. अॅग्रीचा एक, इलेक्ट्रॉनिक्सची एक, बी.कॉम.चा एक, आणि समाजशास्त्राची एक, जिला लोकांशी बोलता येतं आणि गप्प बसताही येतं. इलेक्ट्रॉनिक्सवाली पहिल्याच दिवशी म्हणते, सड ओळखणारा सेन्सर करू.

दुसरा ते पाचवा आठवडा: वीस शेतकरी, पाच व्यापारी, चाळ भरणाऱ्या-उपसणाऱ्या मजुरांची एक टोळी. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कोणीतरी सांगतं की सड सुरू झाल्याचं वासावरून कळतंच, पण मधला कांदा काढायचा तर सगळी चाळ उपसावी लागते. मजुरी कोण देणार? म्हणजे सड ओळखून करायचं काय, हा खरा अडसर. प्रश्न बदलतो: कोणता कप्पा आधी विकायला काढायचा, हे शेतकऱ्याला वेळेवर कसं कळेल?

सहावा ते दहावा: नमुने. पहिला नमुना अगदी गावठी. चाळीच्या प्रत्येक कप्प्यात जाळीच्या एका गोणीत मोजून कांदा ठेवायचा, दर आठवड्याला ती गोणी काट्याला लावायची आणि वजन पाटीवर लिहायचं. जिथली गोणी झपाट्याने हलकी होते तो कप्पा आधी काढायचा. इलेक्ट्रॉनिक्सवाली हिरमुसते. मग तिच्या लक्षात येतं की दर आठवड्याला वजन करायचा कंटाळा येणारच आहे, आणि तिचं कौशल्य तिथे लागणार आहे.

अकरावा ते चौदावा: बी.कॉम.वाला गणित मांडतो. शंभर क्विंटलचे ब्याण्णव उरले, तर भाव जवळपास नऊ टक्के चढल्याशिवाय थांबण्यात काही राहत नाही. ८ टक्के घट भरून काढायला ८ टक्के भाववाढ पुरत नाही. हा एक तक्ता शेतकऱ्याला यंत्रापेक्षा मोलाचा वाटू शकतो. मग पुढचा प्रश्न: यासाठी पैसे कोण देईल? एकटा शेतकरी कदाचित नाही. शंभर चाळींचा माल एकत्र विकणारी शेतकरी उत्पादक कंपनी कदाचित हो. ते विचारायला जावंच लागतं.

या सगळ्याला लागला तो खर्च जाळीच्या गोण्या, एक काटा आणि एसटीची तिकिटं एवढाच.

अडतं ते दुसरीकडे. तीन कॉलेजांची वेळापत्रकं जुळत नाहीत. दोन विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून एक वर्ग घेतला तर तो कोणाच्या वर्कलोडमध्ये धरायचा, याचं उत्तर कार्यालयात मिळत नाही. मुलींना बांधावर पाठवायचं तर परवानगी, वाहन, सोबत पाहावी लागते. परीक्षा विभागाला जर्नलचे गुण कसे तपासायचे याची चौकट हवी असते. हे अडथळे खरे आहेत, पण ते प्रतिभेचे नव्हेत, व्यवस्थेचे आहेत. मंगळवारची दुपार तिन्ही कॉलेजांत मोकळी ठेवायची, एवढा एक निर्णय प्राचार्यांच्या बैठकीत झाला तरी निम्मं काम होतं.

पंधराव्या आठवड्यात व्हायवा. बाहेरचा परीक्षक म्हणून व्यापारी किंवा ज्याच्या चाळीत गोण्या टांगल्या तो शेतकरी बोलवावा. विचारायला एकच प्रश्न पुरे: पहिल्या आठवड्यात तुमचा प्रश्न काय होता, आणि आज काय आहे? दोन्ही उत्तरं सारखीच आली, तर मुलं चाळीपर्यंत गेलीच नाहीत असं समजावं. वेगळी आली, आणि ती कोणाच्या कोणत्या बोलण्यामुळे बदलली हे मुलाला नाव-गावासकट सांगता आलं, तर दहापैकी दहा द्यायला हरकत नाही.